राणी उचलून नेल्यावर: गांधीलमाश्यांच्या पोळ्याचं एक प्रकरण

पोळ्यावर वीस-पंचवीस माद्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर लवकर वाळणाऱ्या रंगाचे बारीक ठिपके दिलेले आहेत, त्यामुळे कोणती माशी कोण हे ओळखता येतं. काही जणी बाहेरून अळ्या-कोळी मारून आणतात, काही जणी आणलेला घास चावून पिल्लांना भरवतात, दोन-तीन जणी येता-जाता दुसऱ्यांना ठोकरतात, चावे घेतात, अंगावर चढून बसतात. एक मात्र बहुतेक वेळ नुसती बसून असते. ती कोणाच्या वाटेला जात नाही. अधूनमधून पोळ्याच्या पृष्ठभागावर पोट घासत चार पावलं चालते, एखाद्या रिकाम्या कप्प्यात डोकावते, आणि तिथे अंडं घालते. पोळ्यावर घातली जाणारी सगळी अंडी तिचीच. ती राणी आहे. नवख्याला राणी ओळखायला सांगितली, तर तो हमखास त्या ठोकरणाऱ्यांपैकी एकीकडे बोट दाखवेल.

आता ही बसून असलेली माशी चिमट्याने अलगद उचलून बाजूला ठेवली जाते. एवढाच हस्तक्षेप. पुढे काय होतं, आणि ते तसंच का होतं, हे या प्रकरणाचं सूत्र.

ही जात म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. भारतीय द्वीपकल्पात ती सर्रास आढळते. लाकडाचे-वनस्पतींचे तंतू चावून, लाळेत कालवून ती कागदासारखं पोळं करते. त्याला बाहेरून वेष्टन नसतं, त्यामुळे आतलं सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. मध साठवण्याची भानगड नाही, थंडीत पोळं बंद करण्याची गरज नाही, वर्षभर कधीही नवं पोळं सुरू होऊ शकतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चार दशकांहून अधिक काळ याच माशीचा पिच्छा पुरवला आहे. राणी उचलण्याचा प्रयोग त्यांनी अनेक पोळ्यांवर, अनेक प्रकारे केला. इथे मी तो एकच प्रसंग म्हणून मांडतो आहे, कारण प्रत्येक पोळ्यावर त्याची चाल थक्क करावी इतकी सारखी असते.

पहिला तास

राणी गेल्याचं पोळ्याला काही मिनिटांतच कळतं. आणि मग कामकऱ्यांपैकी एक माशी, फक्त एकच, एकाएकी पेटून उठते. ती दिसेल तिला ठोकरते, चावते, पाठलाग करते, खाली दाबून धरते. आदल्या दिवशी तिच्या वागण्यात जेवढा आक्रमकपणा होता, त्याच्या कित्येक पट आता दिसतो. कदाचित आदल्या दिवशी तो अजिबातच नसेल, कारण ही माशी आधीच्या दांडग्यांपैकी असलीच पाहिजे असं काही नाही.

बाकीच्या काय करतात? सहन करतात. तिच्याशी उलट झुंजायला कोणी पुढे येत नाही. वीस-पंचवीस माद्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी शरीराने अंडी घालायला समर्थ आहेत, गादी रिकामी आहे, आणि तरीही दुसरा दावेदार उभा राहत नाही. अभ्यासक या माशीला ‘संभाव्य राणी’ म्हणतात. मी तिला वारस म्हणतो, त्याचं कारण पुढे येईल.

इथून प्रकरणाला दोन वाटा फुटतात. मूळ राणी परत आणून ठेवली, तर वारस लगेच निवते आणि पुन्हा चारचौघींसारखी कामकरी होते. बंड फसल्याबद्दल तिला कोणी शिक्षा करत नाही, कारण ते बंड नव्हतंच. राणी परत आणलीच नाही, तर वारसाचा आक्रमकपणा दिवसागणिक उतरत जातो, तिचे अंडाशय भरत जातात, आणि साधारण आठवड्याभरात ती पहिलं अंडं घालते. तोवर ती आधीच्या राणीइतकीच शांत झालेली असते. दहा दिवसांनी येऊन पाहणाऱ्याला ती एका बाजूला नुसती बसलेली दिसेल.

हे वेगळं का आहे

मधमाश्यांचं ठाऊक असलेल्या वाचकाला हा घटनाक्रम विचित्र वाटेल. मधमाशीची राणी मेली तर कामकरी माश्या काही तासांत हालचाल सुरू करतात: कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांच्याभोवती मोठे लोंबते कप्पे बांधतात, त्यांना राजान्न भरवत राहतात. अंड्यापासून सोळा-एक दिवसांत नवी राणी बाहेर पडते आणि बहुधा आपल्या स्पर्धक बहिणींचा काटा काढते. तिथे कामकरी आणि राणी यांचे देहच वेगळे. कामकरी मधमाशी नराशी मीलनच करू शकत नाही, त्यामुळे मादी संतती देणारी खरीखुरी राणी होणं तिला अशक्य. राणी की कामकरी, हे अळीपणीच ठरून गेलेलं असतं.

आपल्या गांधीलमाशीत असा दुरावा नाही. राणी आणि कामकरी शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्याच. आजची कामकरी उद्या राणी होऊ शकते. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना म्हणूनच या माश्या मोलाच्या वाटतात: समाज इथे अजून पक्का गोठलेला नाही, प्रत्येक मादीपुढे खरोखरची निवड आहे.

पण मग भांडण व्हायला हवं, आणि अशाच प्रकारच्या इतर माश्यांत ते होतंही. इटलीत लिओ पार्दी यांनी १९४०च्या दशकात पॉलिस्टिस या कागदी पोळं करणाऱ्या माश्यांमध्ये वर्चस्वाची उतरंड दाखवून दिली: वरची खालचीला दाबते, सर्वांत वरची ती राणी. ती गेली की क्रमांक दोन तिची जागा घेते. रोपॅलिडियाचीच एक बहीण-जात आहे, सायाथिफॉर्मिस; तिच्यातही राणी दांडगी असते, आणि उतरंड पाहून पुढची राणी कोण होणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. १९८३ साली गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी मार्जिनाटाच्या माद्या दिवसभर कशात वेळ घालवतात याचा हिशेब मांडला. त्यातून तीन गट पडले: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि हिंडणाऱ्या. राणी निघाली बसणाऱ्यांत.

म्हणजे कोडं दुहेरी आहे. भांडत नाही ती राणी इतरांना अंडी घालण्यापासून रोखते कशी? आणि उतरंडीवरून कळत नाही तर वारस ठरते कशी?

राणीची सही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोळ्यावर पोट घासण्याच्या सवयीत दडलेलं होतं. पोळं मधोमध कापून दोन्ही अर्धे एकाच पेटीत तारेच्या जाळीच्या दोन बाजूंना लावले, माश्या वाटून दिल्या आणि राणी एका बाजूला ठेवली, तर दुसऱ्या बाजूला वारस पेटून उठते. राणी दोन बोटांवर आहे, हवा जाळीतून आरपार जाते, तरी पलीकडच्यांच्या लेखी राणी नाही. याचा अर्थ तिचा संदेश हवेतून पसरणारा नाही. तो पृष्ठभागाला चिकटून राहतो, माश्यांना तो तिथूनच घ्यावा लागतो, आणि ताजा केला नाही तर विरून जातो. राणीच्या पोटात नांगीजवळ ड्युफूर ग्रंथी नावाची एक ग्रंथी असते. अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी राणी काढलेल्या पोळ्यावर तिच्याच या ग्रंथीचा अर्क लावून पाहिला, आणि पेटलेली वारस निवली. राणी नव्हती, फक्त तिची सही होती.

या सहीला हुकूम म्हणायचं की नुसती बातमी, यावर बराच वाद होऊ शकतो. माझा कौल बातमीच्या बाजूने आहे. राणी कोणाला कामाला लावत नाही. कामाचं वाटप कामकरी आपसांत करतात. माश्यांना हाताने भरपूर अन्न पुरवलं तर त्यांच्यातलं ठोकरणं-चावणं कमी होतं. म्हणजे रोजची दांडगाई ही बरीचशी भुकेची हाक आहे: भरवणारी हिंडणारीला टोचते, हिंडणारी बाहेर पडते. सिंहासनाशी तिचा फारसा संबंध नाही. पॉलिस्टिसच्या पोळ्यावर राणीच्या हातात असलेला चाबूक इथे कामकऱ्यांनी घेतला आहे, आणि तो त्या वेगळ्याच कामासाठी वापरतात.

वारसाच्या त्या अतिरेकी आक्रमकपणाचंही असंच. तो प्रतिस्पर्ध्यांना दडपण्यासाठी असता, तर प्रतिस्पर्धी जास्त असताना वाढला असता आणि कमी असताना घटला असता. पण पोळ्यावर किती जणी आहेत, त्यांचा दर्जा काय, त्यांचे अंडाशय किती वाढलेले आहेत, यांचा त्याच्या पातळीशी मेळ बसला नाही. त्यावरून मांडलेली कल्पना अशी, की ही धुमश्चक्री वारसाच्या स्वतःच्या शरीरासाठी असावी: अंडाशय झपाट्याने वाढवण्याची ती तयारी. सही करायला लागणारी शाई अजून तयार झालेली नाही, तोवरचे हे दिवस.

त्यांना ठाऊक असतं का?

या प्रकरणातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग आता येतो. राणी जाण्याआधी वारस ओळखता यावी म्हणून अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खटपट केली: वजन, वर्चस्वाचा क्रमांक, अंडाशयांची स्थिती, कामाची पद्धत. कशावरूनही खात्रीने सांगता येईना. मग भद्रा आणि गदगकर यांनी प्रश्नच फिरवला. आपल्याला कळत नाही हे ठीक, पण माश्यांना कळतं का?

पुन्हा तीच जाळी, तेच कापलेलं पोळं, माश्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. राणी डावीकडे समजा. उजवीकडे एक माशी पेटून उठते. तिला पहिली म्हणू. आता दोन शक्यता. सगळ्या पोळ्याची खरी वारस नशिबाने उजवीकडे आली असेल, तर पहिली हीच ती वारस. पण खरी वारस डावीकडे, राणीसोबत अडकली असेल, तर ती राणीच्या उपस्थितीमुळे गप्प आहे, आणि उजवीकडची पहिली ही फक्त ‘इथे हजर असलेल्यांत पुढची’ आहे. हे वेगळं कसं करायचं? राणी आणि पहिली यांची अदलाबदल करायची. राणी उजवीकडे, पहिली डावीकडे.

डावीकडच्या माश्यांनी पहिलीला पेटताना कधी पाहिलेलं नाही. त्यांनी तिला निवडलेलं नाही. ती खरी वारस नसेल आणि खरी वारस तिथेच बसली असेल, तर आता गाठ पडणार. काही पोळ्यांवर नेमकं हेच झालं: डावीकडून दुसरीच माशी पुढे आली आणि पहिलीने पड खाल्ली. इतर पोळ्यांवर पहिलीला डावीकडेही कोणी आव्हान दिलं नाही. वाटणी चिठ्ठीने केली असेल तर हे दोन्ही निकाल यायलाच हवेत, आणि ते आले. यापुढची पायरी निर्णायक. जिथे दुसरी पुढे आली, तिथे तिला पुन्हा पलीकडच्या बाजूला नेलं. तिकडे तिला विरोध झाला नाही. तिसरी कधीच उपटली नाही.

२००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. राणी असतानाच पोळ्याचा वारस ठरलेला असतो, पोळ्यावरच्या सगळ्याजणींना तो मान्य असतो, फक्त बाहेरून पाहणाऱ्या माणसाला दिसत नाही. ‘ठाऊक असतं’ हे शब्द कीटकाबद्दल वापरताना मी दोनदा थांबतो. माशीच्या डोक्यात वंशावळीचा तक्ता असेल असा दावा इथे नाही. पण वागणुकीच्या कसोटीवर ‘त्या जाणतात’ यापेक्षा साधं दुसरं वर्णन मला सापडत नाही.

पुढे आलोक बंग आणि गदगकर यांनी हा धागा आणखी ताणला. राणी काढली, वारस पुढे आली, तीही काढली, दुसरी आली, तीही काढली. ओळीने पाच वारसांपर्यंत हा क्रम गेला, आणि प्रत्येक वेळी उघड झगडा न होता पुढची माशी जागेवर आली. म्हणजे गादीला एक वारस नव्हे, अख्खी रांग आहे. रांगेतला क्रमांक बव्हंशी वयाने ठरतो, थोरली आधी. पण अगदी काटेकोर नाही, मधूनच एखादी धाकटी पुढे असते. माणसाला वारस का दिसत नव्हती याचा थोडा उलगडा इथे होतो. तो दांडगाईत शोधत होता, आणि उत्तर बरंचसं वयात होतं.

वाट पाहणं परवडतं कसं

आता मूळचा मोठा प्रश्न. रांगेत विसावी असलेल्या माशीने काय म्हणून रांगेत उभं राहावं? उडून जाऊन स्वतःचं पोळं का करू नये? तिला कोणी अडवत नाही.

या प्रश्नावर सर्वांत प्रसिद्ध उत्तर १९६४ सालचं, उत्क्रांतीचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांचं. गांधीलमाशी, मधमाशी आणि मुंगी यांच्या कुळात नर बिनफलित अंड्यातून होतो, त्याला गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे एकाच आई-बापाच्या सख्ख्या बहिणींचं नातं, म्हणजे सामायिक जनुकांचा वाटा, तीन चतुर्थांश, तर स्वतःच्या मुलीशी नातं अर्धंच. मुली वाढवण्यापेक्षा बहिणी वाढवणं फायद्याचं! हे गणित इतकं देखणं आहे की पुष्कळांनी तेच अंतिम उत्तर मानलं. आप्ताला मदत करणं केव्हा परवडतं हे सांगणाऱ्या हॅमिल्टन यांच्या नियमात मात्र नातं हा तीनपैकी एकच घटक आहे. इतरांना होणारा फायदा आणि स्वतःला पडणारी किंमत हे उरलेले दोन.

आपल्या पोळ्यावर हे तीन चतुर्थांश टिकतच नाही. राणी एकाहून अधिक नरांशी मीलन करते आणि त्यांचं वीर्य मिसळून वापरते, त्यामुळे बहिणींतलं सरासरी नातं अर्ध्याच्या आसपास घसरतं. त्यातच राण्या बदलत राहतात. काहींची कारकीर्द आठवड्याची, काहींची सात महिन्यांहून अधिक. प्रत्येक बदलाबरोबर कामकरी माशी वाढवत असलेल्या पिल्लांचं तिच्याशी नातं आणखी पातळ होतं: आधी भाऊ-बहिणी, मग भाचरं, मग मावसभावंडं, मावसभावंडांची मुलं, आणि लांब चाललेल्या पोळ्यावर तर आईच्या मावसभावंडांची नातवंडंसुद्धा. ही काही अलंकारिक यादी नाही. रंगाचे ठिपके आणि राण्यांच्या नोंदी जुळवून लावलेली वंशावळ आहे. शिवाय पोळ्यातल्या पोळ्यात जवळची कोण आणि लांबची कोण हा भेद माश्या करताना दिसत नाहीत. आपलं आणि परकं एवढंच त्या जाणतात, आणि ती ओळखही पोळ्याच्या वासावरून अंगी येते. अगदी कोवळी परकी माशी तर त्या सामावूनही घेतात.

नातं इतकं पातळ असूनही रांग मोडत नाही. म्हणजे नियमातले उरलेले दोन घटक जड असले पाहिजेत, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा ऐवज इथेच आहे.

आकडे पाहा. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला सुमारे दोन महिने लागतात. मादीचं पोळ्यावरचं सरासरी आयुष्य मात्र महिनाभराच्या आसपास. एकटीने पोळं सुरू केलं आणि चाळिसाव्या दिवशी मेली, तर तिची सगळी मेहनत शून्य: भरवायला कोणी नाही, अळ्या वाळून जातात. तीच माशी भरल्या पोळ्यावर चाळीस दिवस राबून मेली, तर तिने अर्धी वाढवलेली पिल्लं दुसऱ्या जणी पूर्ण वाढवतात. तिच्या कष्टाचा वाटा वाया जात नाही. गदगकर यांनी १९९०मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. त्यात व्हेस्पा ट्रॉपिका या मोठ्या गांधीलमाशीचे हल्ले धरा, जी पोळ्यावर येऊन पिल्लं खाऊन टाकते, म्हणजे एकटीच्या संसाराचा भरवसा किती ते कळेल. प्रत्यक्षातही बहुतेक नवी पोळी दोघी-तिघी किंवा अधिक जणी मिळून सुरू करतात.

किंमतही सगळ्यांना सारखी नाही. जन्मल्याबरोबर वेगळ्या ठेवून पोटभर खायला दिलेल्या माद्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी अंडी घातली. अळीपणी कोणाला किती घास मिळाला, याचा त्यात वाटा आहे. ज्या मादीला स्वतः अंडी घालणं मुळातच जड आहे, तिने मदतनीस होण्यात गमावण्यासारखं कमी.

आणि तिसरी गोष्ट खुद्द रांग. राण्या वारंवार बदलतात, आयुष्यं छोटी आहेत, पुढच्या मरतात, रांग सरकते. विसावी माशी कायमची विसावी नसते. रांग ठरलेली असल्यामुळे प्रत्येक बदलाच्या वेळी जीवघेण्या मारामारीत हात-पाय गमावण्याची वेळ कोणावर येत नाही, आणि पिल्लंही त्या गोंधळात उपाशी राहत नाहीत. नातं हे कारणच नाही असं मी म्हणत नाही. आप्त नसलेल्यांच्या पोळ्यावर हे सगळं उभं राहिलं असतं असं मानायला आधार नाही. पण तीन चतुर्थांशाच्या त्या देखण्या अपूर्णांकावर सगळा भार टाकणं ही चूक होती.

आपल्या पोळ्यावर आता दहावा दिवस आहे. जुन्या राणीच्या अळ्या मोठ्या कप्प्यांत तोंड वर करून घास मागताहेत, काही कोष विणून बंद झाल्या आहेत. कडेच्या नव्या कप्प्यांत नव्या राणीची अंडी दिसू लागली आहेत. हिंडून आलेली कामकरी आणलेल्या सुरवंटाचा गोळा करून वाटून देते, तेव्हा कोणती अळी बहीण आणि कोणती भाची हे न पाहता भरवत जाते. नवी राणी तिच्या शेजारून, पोट घासत, पुढच्या रिकाम्या कप्प्याकडे जाते.